नाव तेवढे राहू द्या

आमच्या वडिलांची भजनाची एक वही आमच्या संग्रही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, टाकाने लिहिलेली. फोंडे महालातील आमच्या गावच्या देवळात दर एकादशीस भजन होत असे. छापील गाथा विकत घेणे सर्वांस परवडत नसे, म्हणून एका वहीवरून दुसरी वही उतरवून घेण्याची रीत होती. ह्या वहीत दीडशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांपैकी एका अभंगाला मुद्रा नाही. तीन चरण आहेत, समासात चाल कोणती ते लिहिले आहे, आणि तेथे पान संपते. पुढल्या पानावर दुसराच अभंग सुरू होतो.

त्याचे कारण वडिलांनीच आम्हांस सांगितले होते. शेजारच्या गावच्या एका वृद्ध भजनकऱ्याची वही त्यांनी एका रात्रीपुरती मागून आणली होती आणि कंदिलाच्या उजेडात ते ती उतरवीत बसले होते. पहाटे वही परत द्यावयाची होती. पान भरले, डोळे मिटू लागले, शेवटचा चरण मागाहून लिहू म्हणून ठेवला तो राहिलाच. पुढे मूळ वही वाळवीने खाल्ली. ह्या एका चुकीची टोचणी त्यांना जन्मभर राहिली. देवळात कोणी पोर शेवटचा चरण गाळून टाळ खाली ठेवू लागले, की ते मागून विचारीत, "नांव खंय गेलें रे?" पोरे हसत. वडील मात्र हसत नसत.

अभंग ही कोणाच्या मालकीची वस्तू नाही. तो कोणीही म्हणावा, कोणत्याही गावी म्हणावा, हव्या त्या चालीत बसवावा, कीर्तनात निरूपणासाठी घ्यावा. कोणाची परवानगी नको, कोणास दक्षिणा देणे नको. फक्त शेवटी ज्याची मुद्रा आहे ती तशीच राहू द्यावी, एवढाच संकेत. हा संकेत इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो कोणी घालून दिला असेल असे मनातही येत नाही. आम्ही तो वडिलांच्या धाकाने शिकलो. आणि पुढे पोटासाठी जो धंदा पत्करला, त्या धंद्यात तोच संकेत आम्ही आमच्या हाताने मोडला.

आमचा धंदा संगणकाचा. वाचकांपैकी ज्यांचा ह्या यंत्राशी केवळ वापरण्यापुरता संबंध आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणक स्वतः काही जाणत नाही. कळफलकावर बोट पडले हे ओळखणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, तारेतून आलेला निरोप योग्य ठिकाणी पोहोचविणे, ही सारी पडद्याआडची चाकरी जी मूलभूत आज्ञावली करते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती माणसे लिहितात, माणसांना वाचता येईल अशा भाषेत लिहितात, आणि मग तिचे यंत्रास कळेल अशा आकड्यांत रूपांतर करतात. माणसाने लिहिलेल्या रूपाला कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या हा कोड कुलपात ठेवतात. परंतु काही ऑपरेटिंग सिस्टिमांचा कोड सर्वांस खुला असतो. कोणीही तो वाचावा, उतरवून घ्यावा, बदलावा, असे लिहिणारेच सांगतात. ते कोणत्या अटींवर, हे प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर दहावीस ओळींत लिहिलेले असते. त्याला परवाना म्हणावयाचे.

परवान्यांची दोन मोठी घराणी आहेत. एकाचे मूळपुरुष रिचर्ड स्टॉलमन. त्यांचा जीपीएल हा परवाना १९८९ सालचा. तो म्हणतो, आमचा कोड घ्या, बदला, पण बदललेले रूप इतरांस देऊ लागाल तेव्हा त्याचा कोडही ह्याच अटींवर द्या. बियाणे नेलेत, तर पिकातून बियाणे परत आले पाहिजे. दुसरे घराणे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेचे. त्या परवान्याला बीएसडी म्हणतात. तो जवळजवळ काहीच मागत नाही. घ्या, बदला, विका, कुलपात घाला. मात्र कोडाची प्रत वाटताना माथ्यावरचे नाव आणि ह्या ओळी पुसू नका. यंत्राचे रूप वाटताना तेच नाव व त्याच ओळी सोबतच्या कागदपत्रांत छापा. आमच्या नावाचा आपल्या मालाच्या शिफारशीसाठी उपयोग करू नका. आणि काही बिघडले तर आम्हांस जबाबदार धरू नका. मागणे एवढेच. उदार परवाना म्हणतात तो हा.

२००३ सालच्या सुमारास आम्ही दक्षिणेतील एका शहरात एका लहानशा कंपनीत नोकरीस होतो. संगणकांची जाळी एकमेकांस जोडणारी एक पेटी आम्ही तयार करीत होतो आणि तिच्या पोटात बर्कलीच्या कुळातील एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसविली होती. काम शेवटास आले तेव्हा वरून सूचना आली, की सर्व फाइलींचे माथे एकसारखे असावेत, प्रत्येकावर कंपनीचे नाव यावे. आम्ही पंचवीसेक ओळींची एक आज्ञावली लिहिली. प्रत्येक फाइलीचा पहिला परिच्छेद काढावा आणि त्या जागी कंपनीचे नाव व साल घालावे, एवढेच तिचे काम. ती चालू करून आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा हजारो फाइली स्वच्छ झाल्या होत्या. आम्हांला त्या सफाईचा अभिमानच वाटला हे येथे कबूल केले पाहिजे. काढलेल्या परिच्छेदांत काय होते ते आम्ही वाचले नव्हते. ते सर्वत्र सारखेच दिसत होते, आणि जे सर्वत्र सारखे दिसते ते माणूस वाचीत नाही.

दोनतीन महिन्यांनी युरोपातील एका गिऱ्हाइकाकडून पत्र आले. तुमच्या पेटीत कोणाकोणाचा कोड आहे आणि तो कोणत्या परवान्यांखाली आहे त्याची यादी पाठवा, असे त्यात होते. यादी कोठून देणार? ज्यांच्यावरून ती करावयाची ती नावेच आम्ही पुसली होती. आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मूळ सिस्टिमची एक फाइल आमच्या पुढ्यात उघडली आणि तिच्या शेजारी आमची फाइल उघडली. त्यांनी काही म्हटले नाही. आमच्या कानांत मात्र, "नांव खंय गेलें रे?"

मूळ कोड जगजाहीर होता म्हणून निभावले. पण आम्ही मधल्या काळात कित्येक फाइली तोडल्या होत्या, दोनांची एक केली होती, नावे बदलली होती. प्रत्येक तुकडा मूळ कोणत्या फाइलीतला हे शोधीत बसावे लागले. पावसाळ्याचा जवळजवळ दीड महिना त्यात गेला. त्या कामात यंत्राची मदत थोडी आणि डोळ्यांची जास्त. परंतु त्या दीड महिन्यात आम्ही ते परिच्छेद प्रथमच वाचले, आणि नाव लावताना हा मनुष्य कोण होता असे कुतूहल वाटू लागले. बर्कलीची जी हकीकत पुढे सांगत आहोत ती त्या कुतूहलातून हाती लागली.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ साली अमेरिकेत एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आरंभिली. ती बर्कलीस पोहोचली, आणि तेथील बिल जॉय नामक विद्यार्थ्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीत भर घालून आपल्या विद्यापीठाची आवृत्ती इतरांस वाटण्यास आरंभ केला. पहिल्या खेपेस सुमारे ३० प्रती गेल्या. पुढल्या दहा वर्षांत बर्कलीकरांनी इतके काही नवे लिहिले, की मूळ युनिक्स कोणते आणि भर कोणती हे ओळखणे अवघड झाले. १९८३ सालच्या आवृत्तीत त्यांनी जे संदेशवहन बसविले, त्याच रीतीवर आजचे इंटरनेट चालते. परंतु ही आवृत्ती घेणाऱ्याला आधी एटी अँड टीचा परवाना घ्यावा लागे, आणि त्याची किंमत वर्षागणिक वाढत होती. तेव्हा बर्कलीकरांनी १९८९ साली केवळ स्वतः लिहिलेला संदेशवहनाचा भाग वेगळा काढून उदार परवान्याखाली खुला केला. चुंबकीय फितीला १००० डॉलर पडत, पण एकदा फीत घेतली की तीवरून वाटेल तितक्या प्रती वाटण्याची मुभा होती.

कीथ बॉस्टिक नावाचे गृहस्थ तेथे होते. त्यांच्या मनात आले, की एवढाच भाग का? सगळीच सिस्टिम खुली का करू नये? सहकारी म्हणाले, त्यासाठी एटी अँड टीच्या शेकडो लहानमोठ्या आज्ञावल्या पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागतील. बॉस्टिक यांनी लोकांस आवाहन केले. अमुक आज्ञावली काय काम करते ह्याचे जाहीर वर्णन वाचा, मूळ कोड न पाहता ती नव्याने लिहा आणि आम्हांस पाठवा. मोबदला काय, तर तुम्ही लिहिलेल्या आज्ञावलीच्या नावापुढे बर्कलीच्या यादीत तुमचे नाव येईल. दुसरे काही नाही. आणि अठरा महिन्यांत जवळजवळ सर्व आज्ञावल्या लिहून आल्या! मग बॉस्टिक, माइक कॅरल्स आणि कर्क मॅक्युसिक ह्या तिघांनी सिस्टिमचा गाभा फाइलीमागून फाइल तपासला. शेवटी फक्त ६ फाइली अशा उरल्या, की ज्यांत जुना कोड इतका मिसळला होता की तो सहज काढता येईना. त्या वगळून बाकीचे सर्व जून १९९१ मध्ये जगास देऊन टाकले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आमच्या हातून पुसली गेलेली जी नावे होती, त्यांपैकी कित्येक ह्याच लोकांची होती. ज्यांनी काम केले ते केवळ नावासाठी, आणि ज्यांच्या परवान्याने मागितले तेही केवळ नाव, त्यांची तेवढी मजुरी आम्ही चहा घेता घेता बुडवली होती.

ह्या देणगीवर खटला झाला. एटी अँड टीची युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज नावाची शाखा होती. तिने १९९२ साली बर्कलीचा कोड विकणाऱ्या एका नव्या कंपनीवर दावा लावला आणि पुढे विद्यापीठालाही त्यात गोवले. आमच्या मालकीचा कोड तुम्ही वाटता, हा आरोप. दोन वर्षे असा संशय राहिला, की हा कोड वापरावा की नाही हे कोणास कळेना. त्याच सुमारास, १९९१ साली, फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याचे लिनक्स जन्मास आले होते, ते ह्या अवधीत फोफावले. परंतु खटल्यातील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे विद्यापीठाचा उलट दावा. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात विद्यापीठाने सांगितले, की फिर्याद करणाऱ्या कंपनीने आपल्या सिस्टिममध्ये आमचा कोड घेतला आहे आणि परवान्याप्रमाणे द्यावयाचे आमचे नाव दिलेले नाही. हे खरे ठरले तर काय करावे?  कंपनीने आपले सारे माहितीग्रंथ आमच्या नावासह पुन्हा छापावेत, ज्या ज्या गिऱ्हाइकांस परवाने दिले त्यांना आपली चूक कळवावी, आणि मोठमोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन ती जगास सांगावी, असे मागणे विद्यापीठाने मागितले. दुसऱ्यावर चोरीचा आळ घेणाऱ्याच्याच घरात नाव खरवडलेले भांडे निघावे, तसा हा प्रकार.

पुढे ती कंपनी नोव्हेल ह्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि १९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८००० फाइलींपैकी ३ काढून टाकाव्या लागल्या. सुमारे ७० फाइलींवर विद्यापीठाने त्या कंपनीचे नाव घातले, आणि नाव घालूनही त्या फाइली खुल्याच राहिल्या. एवढ्या गदारोळानंतर निवाडा आला तो पुष्कळसा नावांच्याच पदरी.

नावाचा सोस मात्र अति झाला म्हणजे काय होते, तेही ह्याच इतिहासात दिसते. बर्कलीच्या जुन्या परवान्यात आणखी एक कलम होते. ह्या कोडाच्या गुणांचा उल्लेख करून जो कोणी जाहिरात देईल, त्याने त्या जाहिरातीतही विद्यापीठाचे नाव घालावे. विद्यापीठाचे पाहून इतरांनी आपापल्या परवान्यात तेथे स्वतःचे नाव घातले. स्टॉलमन यांनी १९९७ सालच्या एका नेटबीएसडी आवृत्तीत अशी वाक्ये मोजली तेव्हा ती ७५ भरली. जाहिरात छापावयाची की सहस्रनाम? आमच्याकडील काही देवळांत घंटेवर एकाचे नाव, साखळीवर दुसऱ्याचे, पंख्याच्या पात्यांवर तिसऱ्याचे आणि पायरीच्या प्रत्येक फरशीवर चौथ्यापाचव्याचे अशी जी दाटी होते, तिची येथे आठवण व्हावी. २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ते कलम मागे घेतले. फाइलीच्या माथ्यावरचे आणि कागदपत्रांतले नाव तेवढे ठेवले, आणि आमच्या मते योग्य केले.

बर्कलीच्या देणगीतून पुढे अनेक शाखा फुटल्या. त्यांपैकी ओपनबीएसडी ही शाखा थिओ द राट यांनी १९९५ साली कॅनडात सुरू केली. परवान्याच्या बाबतीत ही मंडळी सोवळ्याची. त्यांच्या सिस्टिममध्ये परकी संदेश अडविणारी आयपीफिल्टर नावाची एक आज्ञावली होती. २००१ साली तिच्या कर्त्याने स्पष्ट केले, की माझ्या परवान्यात वापरण्याची व वाटण्याची मुभा आहे, बदलण्याची नाही. आणि खरोखरच बदलाचा शब्द त्या परवान्यात नव्हता. सर्वांनी तो आहे असे धरून चालविले होते. ओपनबीएसडीने ती चालती आज्ञावली उचलून बाहेर ठेवली. महिनाभरातच डॅनिएल हार्टमायर यांनी लिहिलेली पीएफ ही नवी आज्ञावली तिच्या जागी आली. एका नसलेल्या शब्दासाठी एवढे केले म्हणून कोणी त्यांस कर्मठ म्हणेल. आम्ही ज्या शहाणपणाने फाइली साफ केल्या होत्या त्यापेक्षा हे कर्मठपण बरे.

ह्याच मंडळींच्या वाट्यास २००७ साली दोन प्रसंग आले, आणि त्यांत ते एकदा चुकलेले आणि एकदा दुखावलेले दिसतात. एप्रिलमध्ये त्यांच्या एका लेखकाने बिनतारी जोडणीच्या एका उपकरणासाठी काम चालविले असता, लिनक्समधील जीपीएलखालचा कोड ओपनबीएसडीच्या जाहीर भांडारात ठेवला. काम अर्धे होते, हळूहळू तो बदलणार होता, असे सांगण्यात आले. पण जाहीर भांडारात ठेवले म्हणजे वाटलेच. लिनक्सवाल्यांनी ते उघडपणे दाखवून दिले, बरीच कटू भाषा झाली, आणि तो कोड काढून घेण्यात आला. नंतर ऑगस्टमध्ये उलटे घडले. ओपनबीएसडीच्या राइक फ्लोएटर यांनी दुसऱ्या एका बिनतारी उपकरणाची अंतर्गत रीत चिकाटीने शोधून काढून त्यासाठी उदार परवान्याखाली कोड लिहिला होता. लिनक्सच्या काही मंडळींनी तो घेतला, वाढविला, आणि लिनक्सकडे पाठविताना वरचा परवाना काढून तेथे जीपीएल घातला. द राट भडकले. स्वतःच्या भरीला तुम्ही वाटेल तो परवाना लावा, पण दुसऱ्याच्या परवान्याच्या ओळी पुसण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? शेवटी मूळ ओळी राहिल्या, आणि आज लिनक्समध्ये तो कोड फ्लोएटर यांच्या नावाने व मूळच्या उदार परवान्यानेच नांदतो.

ह्या दुसऱ्या भांडणात ओपनबीएसडीवाल्यांचे आणखी एक दुःख होते. बड्या कंपन्या कोड नेतात आणि कुलपात घालतात, ते ठीक. पण जे स्वतः स्वातंत्र्याची भाषा बोलतात त्यांनी तरी सुधारणा अशा परवान्यात का कोंडाव्यात, की ज्या आम्हांला परत घेता येऊ नयेत? ह्या दुःखाशी आमची सहानुभूती आहे, तथापि ते पुरतेपणी पटत नाही. ज्याने देताना परतफेडीची अट घातली नाही, त्याने घेणाऱ्यांत हा आपला व तो परका असा भेद करून परतफेडीची आशा धरू नये. मागायचे असेल तर आधी मागावे, स्टॉलमन मागतात. नावाची गोष्ट निराळी. ते मागितलेले असते.

अर्थात असे देत राहणे सोपे नाही. दूरच्या संगणकाशी गुप्तपणे बोलण्यासाठी जगभर वापरली जाणारी ओपनएसएसएच ही आज्ञावली ह्याच ओपनबीएसडीवाल्यांनी १९९९ साली, टाटू युलोनेन यांच्या जुन्या खुल्या कोडावरून उभी केली. बँका, कारखाने, सरकारे, सर्वांच्या घरी ती आहे. आणि जानेवारी २०१४ मध्ये हेच लोक जाहीरपणे सांगत होते, की आमच्या यंत्रांचे वर्षाचे २०००० डॉलरचे वीजबिल भरण्याची सोय नाही! गावोगाव ज्याची पालखी मिरवते त्याच्याच गाभाऱ्यात नंदादीपाला तेल नसावे, तशी ही स्थिती. त्या वेळी देणगीदार उभे राहिले आणि काम अडले नाही. कायद्याने पाहिले तर ते बिल भरण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

अँड्र्यू टॅनेनबॉम ह्या अॅम्स्टरडॅमच्या प्राध्यापकांचा अनुभव याहून सौम्य आहे, पण आम्हांला तो जास्त लागला. विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी लिहिलेले मिनिक्स त्यांनी २००० साली बीएसडी परवान्याखाली आणले. २०१७ साली त्यांना कळले, की इंटेल कंपनीच्या संगणकांतील एका आतल्या चिपमध्ये मिनिक्स बसविले आहे, म्हणजे जगातल्या असंख्य संगणकांत ते चालते आहे. त्यांनी कंपनीस जाहीर पत्र लिहिले. पैसे नकोत, कायद्याने तुमच्यावर सांगण्याचे बंधन नव्हते हेही मान्य. काम झाल्यावर कोणी दोन शब्दांनी कळविले असते तर बरे वाटले असते, एवढाच त्यांचा आशय होता.

परवा एकादशीस आम्ही वडिलांची वही घेऊन देवळात गेलो होतो. शेजारच्या घरचा मुलगा, बारावीत शिकणारा, सभामंडपात फोन घेऊन बसला होता. त्याला आम्ही म्हटले, तुझ्या फोनात बर्कली विद्यापीठाचे नाव आहे, दाखवू? त्याला खरे वाटेना. त्याचा फोन अँड्रॉइडचा. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, जीपीएलखालचा. परंतु त्यावर बसविलेले जे पायाभूत आज्ञावल्यांचे भांडार, त्यातील पुष्कळ भाग ओपनबीएसडी, नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी यांच्याकडून घेतलेला आहे, तो परवाना उदार म्हणूनच. सेटिंग्जमध्ये फोनविषयी माहितीच्या सदरात कायदेशीर माहिती आणि त्यात परवान्यांची यादी असते. त्याने ती उघडली. बराच वेळ अंगठ्याने पाने सरकवीत राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विश्वस्त निघाले, आणखी कितीतरी माणसे निघाली.

"आजोबा, हे कोण वाचतं?" त्याने विचारले.

कोणी नाही, असे आम्ही म्हणणार होतो. मग त्याला हार्फबझचे नाव शोधावयास सांगितले. मराठी लिहिताना ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागाहून टंकावा आणि तो आधी दिसावा, रफार उडी मारून पुढल्या अक्षराच्या डोक्यावर बसावा, जोडाक्षरांनी एकमेकांच्या मांडीला मांडी लावावी, ही सारी व्यवस्था त्या फोनात हार्फबझ नावाची आज्ञावली करते. तीही उदार परवान्याखालची. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. त्यातला हर्फ हा शब्द हैदराबादच्या किंवा इंदूरच्या आमच्या वाचकांस सांगावा लागणार नाही. तिच्या खालच्या नावांत त्याला एकही ओळखीचे नाव सापडले नाही, पण तो ती यादी शेवटपर्यंत वाचून राहिला.

भजन संपल्यावर त्याने वही मागितली. सारे अभंग फोनात उतरवून घेतो म्हणाला. देवळाच्या मंडळींना पाठविता येतील. रोज दहाबारा करतो. परवा तो त्या पानापर्यंत आला आणि विचारावयास घरी आला, की ह्याच्याखाली कोणाचे नाव लिहू? गाथांतून आम्ही तो अभंग शोधला आहे, दोन कीर्तनकारांस विचारले आहे, हाती काही लागलेले नाही. भाषा तुकोबांच्या वळणाची आहे असे एकजण म्हणाले. पण वळणावरून मुद्रा घालणे आम्हांस धजेना.

आम्ही त्याला सांगितले, लिही, "कर्त्याचे नाव उतरवून घ्यावयाचे राहिले." आणि त्याखाली उतरवून घेणारा म्हणून आमच्या वडिलांचे नाव घाल, आणि त्याखाली तुझे.